कानापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत

मी नादकाटा बोलतोय. नाव ओळखीचं वाटलं नसेल तर संकोचू नका. ज्या टीबीच्या दवाखान्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, तिथेही मला या नावानं कुणी हाक मारली नाही. तिथे मी 'चिमटा'. दिसतोही तसाच: खाली एक दांडी, वर दोन पाती, मध्ये फट. मला कशावर तरी आपटा आणि सोडून द्या, की मी एकाच सुरात 'हूं' करत राहतो. माझी दोन पाती जन्मापासून शेजारी राहतात, पण त्यांचं आपसात कधी बिनसलं नाही. कित्येक घरांत एवढं जमत नाही, म्हणून अभिमानानं सांगतो.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक म्हातारे कारागीर मला कानशीनं घासायचे, वाजवून कानाशी धरायचे, मान हलवायचे आणि पुन्हा घासायचे. टोकाला घासलं की माझा सूर चढायचा, मुळाशी घासलं की उतरायचा. दोन दिवसांनी एकदाचं त्यांचं समाधान झालं आणि ते म्हणाले, "झाला शहाणा!" माझ्या अंगात जो खरेपणा आहे तो त्या हातांचा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिथून मी एका शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आलो. मुलांनी मला पाण्याच्या पेल्यात बुडवून कारंजी उडवली, दातांवर टेकवून किंकाळ्या मारल्या, एकदा फरशीवरही पाडलं. विज्ञानाच्या सरांची धाकटी बहीण टीबीच्या दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. एक दिवस त्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुझा तो वाजणारा काटा चार दिवस दे ना."

"चार दिवस म्हणजे तुझे की माझे?" सरांनी विचारलं.

त्या चार दिवसांना आज सहा वर्षं झाली.

दवाखाना म्हणजे एकच मोठी खोली आणि बाहेर ओसरी. कंबरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा रंग, थंडीतही सताड उघड्या खिडक्या, खोलीतली हवा बाहेर ढकलणारा पंखा. ओसरीत लांब बाक. आत इंजेक्शनचं स्टूल, झाकणाची ट्रे आणि सिस्टरांची नोंदवही. इथे येणाऱ्यांना साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी झालेला असायचा. सिस्टर त्याला 'हट्टी टीबी' म्हणत. त्याच्यासाठी दीड-दोन वर्षं मूठभर गोळ्या, आणि त्यातले आठ महिने रोज एक सुई. ती सुई टीबीला मारायची, पण जाता जाता काहींचे कानही घेऊन जायची. म्हणून वरून हुकूम होता की दर महिन्याला प्रत्येकाचे कान तपासा. कान तपासायचं खरं यंत्र मोठ्या इस्पितळात, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. दहा पावलांत धाप लागणारी माणसं तिथे कशी जाणार? सिस्टर हातावर हात धरून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मला आणलं.

पेशंट स्टुलावर बसायचा. सिस्टर समोर उभ्या राहून मला तळहातावर आपटायच्या आणि त्याच्या कानाशी धरायच्या. ऐकू येतंय तोवर बोट वर, थांबलं की खाली. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या एप्रनवर टकटक आपटत त्या मोजायच्या. वीस टकटकी भरल्या की कान ठीक. बोट आधीच खाली आलं तर डॉक्टरांना कळवायचं.

पहिल्याच वर्षी पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंचं बोट नऊलाच खाली आलं. सिस्टरांनी लगेच कळवलं, डॉक्टरांनी नियमाप्रमाणे सुई बंद केली. चुकलं कुणाचंच नाही. पण सुईच्या जागी द्यायला दुसरं जोरकस औषध तेव्हा नव्हतं. उरलेल्या गोळ्या एकट्या पुरल्या नाहीत. पाच महिन्यांनी त्या बाईंची आई त्यांचं कार्ड परत द्यायला आली. सिस्टरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ओसरीतल्या बाकानं हे पाहिलं होतं. "कान सांगितले की सुई बंद, सुई बंद की माणूस बंद," असं तिथे ठरून गेलं. तेव्हापासून बाकावर एक शिकवणी सुरू झाली. नवीन पेशंट आला की जुना त्याला कोपरानं ढोसून सांगायचा, "सिस्टरांच्या बोटाकडे बघ. वीस टकटकी झाल्या की आपलं बोट खाली. एकोणीस नाही, एकवीस नाही."

झालं! नोंदवहीत पानंच्या पानं वीस, वीस, वीस. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी 'अत्यंत नीटनेटके काम' असा शेरा मारला. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी मला दोनदा पुसलं. मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या कानात मी शिरतो आणि कुणाच्या दारावरून परत येतो हे मला कळणार नाही तर कुणाला? पण मला 'हूं' सोडून दुसरं काही बोलता येत नाही.

माझ्यातही उणीव होती. ती सुई आधी बारीक आवाज नेते: कुकरची शिट्टी, फोनची घंटी, लहान मुलाचं किणकिणतं बोलणं. माझ्यासारखे जाडे आवाज शेवटी जातात. म्हणजे ज्याला मी ऐकू येईनासा होतो त्याचं बरंच काही आधीच गेलेलं असतं. शाळेच्या काट्याकडून सिस्टरांनी याहून अधिक मागणंही बरोबर नव्हतं, पण अडल्या वेळी जे हाताशी असतं तेच वापरावं लागतं.

अशा त्या दवाखान्यात एक दिवस फिटर आला. बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करणारा, चाळिशीचा, खोकून खोकून बरगड्या दिसू लागलेला. त्याची ख्याती अशी, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. डेपोत दोष शोधायचं यंत्र आलं होतं, तरी ड्रायव्हर आधी त्याच्याकडे जायचे. घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. सगळं घर त्या दोन कानांवर चालायचं.

पहिल्या दिवशी त्यानं मला सिस्टरांच्या हातातून मागून घेतलं, गुडघ्यावर आपटलं आणि डोळे मिटले.

"याला कुणीतरी पाडलाय, सिस्टर. उजवं पातं किंचित थकलंय. पण सूर सच्चा आहे."

"तुम्ही कान तपासून घ्यायला आलात की माझ्या चिमट्याची परीक्षा घ्यायला?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कारखान्यातल्या त्या म्हाताऱ्यानंतर मला ओळखणारा हा पहिलाच माणूस. तपासणीलाही तो डोळे मिटूनच बसला आणि त्याचं बोट सव्विसाव्या टकटकीला खाली आलं. सिस्टरांनी सव्वीस लिहिलं. बाहेर बाकावर त्याची कानउघाडणी झाली. एक आजोबा, बाकावरचे सगळ्यांत जुने, त्याला म्हणाले, "अहो, वीस म्हणजे वीस. सव्वीस काढून सगळ्यांना गोत्यात आणाल!"

तिसऱ्या महिन्यात फिटरनं डोळे मिटले नाहीत. तो सिस्टरांच्या बोटाकडे बघत राहिला आणि बरोबर विसाव्या टकटकीला त्यानं बोट खाली घेतलं. मी त्याच्या डाव्या कानातून कधीच बाहेर पडलो होतो. सिस्टरांनी 'ठीक' लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्याची बायको औषधं न्यायला आली तेव्हा दारातच थबकली.

"सिस्टर, यांचं ऐकणं जरा कमी झालंय का हो? परवा कुकर शेजारी शिट्ट्या मारत होता आणि हे आपले पेपर वाचत बसले होते."

"लक्ष नसेल, वहिनी. वहीत तर ठीक आहे." आणि सिस्टरांनी तिला वहीच दाखवली. बिचारी समाधानानं परत गेली.

त्याच सुमारास सिस्टर दोन दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि एक जाडजूड फाइल घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मास्कमागे होता, पण डोळे लपत नव्हते. त्यांनी ओसरीत उभं राहून बाकावरच्या अकरा जणांना सांगितलं की देशभरातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत हट्टी टीबीसाठी नवा उपचार येतोय. सुई नाही. फक्त गोळ्या. सहा महिने.

"सहा महिने?" आजोबा म्हणाले. "मला मागच्या खेपेला दोन वर्षं सांगितली होती, तीन लागली."

"आजोबा, या वेळी खरंच सहा. पण साठा हळूहळू येणार. पहिल्या खेपेला नवीन पेशंट, आणि जुन्यांतले ज्यांचे कान सुईनं बिघडलेत ते. ज्यांना जुना उपचार मानवतोय त्यांनी तोच पुरा करायचा. तुमच्या सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत, तेव्हा काळजी नको."

अकरा जणांनी एकमेकांकडे बघितलं नाही. जे खोटं त्यांनी जीव वाचवायला सांगितलं होतं तेच आता दार अडवून उभं होतं. फिटरला तर मास्कमागचं अर्धंच समजलं होतं. त्यानं आजोबांना खुणेनं विचारलं, आजोबांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो उठून आत आला.

"सिस्टर, माझे कान ठीक नाहीत."

सिस्टर हसल्या. "अहो फिटर, नवी गोळी हवी म्हणून कान बिघडवू नका. गेल्या गुरुवारीच वीस आलेत."

"ते वीस माझे नाहीत. तुमच्या बोटाचे आहेत."

सिस्टरांना कळेना. तेव्हा त्यानं स्वतःच्या मांडीवर बोट आपटून दाखवलं, टक, टक, टक. "तुम्ही मोजता, मी बघतो. चिमटा मला अर्ध्यातच सोडून जातो. डाव्या कानात दिवसाढवळ्या रातकिडे ओरडतात. परवा मी एक गाडी पास केली. तिच्या पंख्याचं बेअरिंग किंचाळत होतं म्हणे. ड्रायव्हरनं वेळेत थांबवली म्हणून निभावलं. गाडीत माणसं असतात, सिस्टर."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"पोस्टातल्या बाईंचं ऐकलं होतं. म्हटलं, कान गेले तर जाऊ देत, पण पोरीला बाप राहू दे."

सिस्टर इंजेक्शनच्या स्टुलावर बसल्या. नोंदवही मांडीवर घेऊन त्यांनी एकेक पान उलटलं. वीस. वीस. वीस. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"इथे सव्वीस आहे. तेव्हा कुठे बघत होतात?"

"तेव्हा डोळे मिटले होते. आवाज गोड होता त्याचा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मला तर वाटतं माझ्याही पात्यांतून आलं असतं. प्रत्येक विसाखाली त्यांची सही होती. एकट्या फिटरचा आकडा गुपचूप बदलता आला असता. वर कुणाला पत्ता लागला नसता. शिवाय सगळं कबूल केलं तर, नव्या गोळ्यांसाठी पेशंट आणि सिस्टर मिळून बनाव करतायत, असंही कुणी म्हणालं असतं. फिटर तर रोजची सुई टोचून घेत होता आणि प्रत्येक सुईबरोबर थोडं थोडं जात होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी अकराही जणांना बोलावलं आणि स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मला कधी आपटलं, कधी नुसतंच कानाशी धरलं. सात जणांची बोटं फार लवकर खाली आली. आजोबांचं तर मी वाजलोच नाही तेव्हाही वर गेलं.

"आजोबा, आत्ता काटा वाजलाच नव्हता."

"मी म्हटलं, असू द्यावं एक जादा."

सिस्टरांनाही हसू आवरलं नाही. मग त्यांनी जिल्ह्याचं टीबीचं काम बघणाऱ्या मोठ्या मॅडमना चिठ्ठी लिहिली. लिहिताना मी शेजारीच होतो. 'या दवाखान्यातल्या कानांच्या आजवरच्या नोंदी भरवशाच्या नाहीत. पेशंट खोटं बोलले, कारण खरं बोलून इथे काही मिळत नव्हतं. आणि मी समोर उभी राहून मोजत होते, ही चूक माझी.' खाली सही केली, नेहमीपेक्षा ठळक.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम स्वतः आल्या, गाडीतून कान तपासायचं खरं यंत्र घेऊन. सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. मॅडम चिठ्ठी पुढे धरून म्हणाल्या, "अशी चिठ्ठी मला कुणी पाठवत नाही. मी जाते तिथे सगळ्यांचे कान छानच असतात. आता सगळीकडे कळवते, कान तपासताना पेशंटला पाठमोरं बसवा." एवढंच. मला वाटलं होतं सिस्टरांना बोलणी खावी लागतील.

यंत्रानं मी जे सांगू शकलो नव्हतो ते सांगितलं. फिटरचे बारीक आवाज गेले होते. जाडे अजून होते, उजव्या कानात जास्त.

"गेलं ते परत येणार नाही," मॅडम मोठ्यानं आणि सावकाश बोलल्या. "पण सुई आज थांबवली तर राहिलंय ते राहील. पहिल्या खेपेत तुमचं नाव घालते. सातही जणांची."

सिस्टरांनी त्याच क्षणी ट्रेवर झाकण ठेवलं. फिटरनं हात जोडले. कुणासाठी, सिस्टरांसाठी, मॅडमसाठी की त्या झाकणासाठी, ते मला कळलं नाही.

नव्या गोळ्यांचे खोके आले. त्यांच्याबरोबर हृदयाची रेघ काढणारं एक यंत्र आलं, कारण त्या गोळ्या चालू असताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. काय त्याचा तोरा! अंगभर वायरी, कागद ओकायचा, आणि त्याला बसायला वेगळं टेबल. मी मनात म्हटलं, आपलं काम संपलं. आणि खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. माझी गरज पडू नये यासारखी चांगली बातमी त्या खोलीत दुसरी कोणती असणार? सिस्टरांनी मला फडक्यात गुंडाळलंही होतं, दादांना परत द्यायला.

पण फाइलीतलं एक पान वाचता वाचता त्या थांबल्या. नव्या गोळ्यांतली एक फार दिवस घेतली तर काहींच्या पायांच्या नसा बधिर करते. म्हणून दर महिन्याला नादकाटा वाजवून त्याची दांडी पायाच्या अंगठ्यावर टेकवायची आणि थरथर जाणवते का ते विचारायचं. सिस्टरांनी मला फडक्यातून बाहेर काढलं. "चला, चिमटोबा. बढती झाली."

कानावरून अंगठ्यावर येणं ही कसली बढती? तिथे मला अत्तराचा नाही तरी निदान केसांच्या तेलाचा वास यायचा, इथे मोज्यांचा. पण तक्रार नाही. या कामात मी पुरेसा आहे. इथे माझा जाडेपणाच उपयोगाचा.

चौथा महिना. फिटरचं वजन वाढलं होतं, खोकला गेला होता, थुंकीत जंतू सापडत नव्हते. दोनच महिने उरले होते. आदल्या दिवशी बाकावरची कुजबुज मी ऐकली होती, "पाय सांगितले तर गोळी काढून घेतील हं." तो खाटेवर आडवा झाला, मोजे काढले, तोंड भिंतीकडे केलं. सिस्टरांनी मला आपटून त्याच्या डाव्या अंगठ्यावर टेकवलं. बोट वर गेलं, सावकाश खाली आलं. मग उजव्या अंगठ्यावर टेकवलं. मी जीव तोडून थरथरत होतो. हाडापर्यंत पोचत होतो, पण पुढे दार बंद होतं. फिटरचं बोट चादरीवर पडून होतं, किंचित हललं. त्याला मी टेकलोय हे माहीत होतं. बोट उचलायला काहीच लागत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, नको.

"सिस्टर," तो भिंतीशीच बोलला, "चिमटा टेकवलाय का?"

"टेकवलाय."

"मला नाही जाणवत. लिहा तसं."

सिस्टरांनी लिहिलं, मॅडमना फोन केला आणि फोन कानाशी असतानाच त्याच्याकडे बघून मान हलवली. "गोळी बंद नाही करत. निम्मी करायची. बाकीच्या गोळ्या पुऱ्या जोरात आहेत. वेळेत सांगितलंत."

फिटर उठून बसला आणि मोजा हातात धरून रडला. त्रास सांगूनही औषध हातातून गेलं नाही, असं त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याचे सहा महिने पुरे झाले. तो बरा झाला. डेपोत आता तो इंजिनवर तळहात ठेवतो आणि स्क्रू-ड्रायव्हर उजव्याच कानाला लावतो. किंचाळणाऱ्या बेअरिंगसाठी यंत्राला विचारतो, आणि तसं उघड सांगतो. घरी कुकरजवळ मुलगी शिट्ट्या मोजते. शेवटच्या दिवशी त्याची बायको सिस्टरांचे आभार मानायला लागली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आभार कसले, वहिनी? तुम्ही सांगायला आला होतात, मी वही दाखवली." तिनं त्यांचा हात हातात घेतला.

आज मी त्याच खोलीत आहे. सुईची ट्रे कपाटात वर गेली आहे. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याचा, चार दिवसांसाठी देऊन परत न मागणाऱ्या सरांचा, स्वतःची चूक सहीनिशी लिहिणाऱ्या सिस्टरांचा, आणि ज्यांनी नव्या गोळ्या शोधल्या, तपासल्या आणि या ओसरीपर्यंत पोचवल्या त्या न पाहिलेल्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बाहेर एक नवीन पेशंट मोजे काढतेय, तेव्हा निरोप घेतो. तुमच्यावर कधी तशी वेळ आली आणि कुणी विचारलं, "जाणवतंय का?" तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. तुमचं 'नाही' ऐकून घ्यायलाच मला इथे ठेवलंय.